कुर्लीचे भोक

बांधालाही वाचा होती त्या काळची गोष्ट. कोकणातल्या एका खाचरात भाताची रोपे तुडुंब पाण्यात ऐटीत उभी होती. खाली चिखलाचा मात्र जीव गुदमरत होता. वारा लागेना, पोटात वायू धरलेला. एकदा त्याने असा ढेकर दिला, की बगळा उडून शेजारच्या गावात पडला आणि आभाळाला घाम फुटला!

बांधात राहणाऱ्या कुर्लीला, म्हणजे खेकडीला, चिखलाची दया आली. तिने नांगीने बांधाला भोक पाडले.

"अगं सटवे, मारतेस काय आम्हाला?" रोपे ओरडली. "पाणी चाललं!"

"चालू दे. मुळं जरा खाली पाठवा, आळशांनो!"

मालकीण भागीरथीकाकू अशी भोके रोज बुजवायची. पण उघडीप बघून ती लेकीकडे गेली होती. आठवड्याने परतली, तर खाचराला बारीक भेगा! कुर्लीला शिव्या घालत तिने एक रोप ओढले. ते हलेना. मुळे खोल गेली होती, आणि पोटातला वायू भेगांतून निघून गेल्याने चिखल गाढ झोपला होता.

काकूने भोक बुजवले, ओहोळाचे पाणी आत घेतले आणि ती कुर्लीला हळूच म्हणाली, "पंधरा दिवसांनी पुन्हा पाड गो."

बगळाही परतला. तेव्हापासून तो एका पायावर उभा राहतो. ढेकर आलाच, तर उडायला बरे. अजून आलेला नाही.