इरू आणि कानोसापरी

सात टेकड्यांपलीकडच्या मोठ्या शहरात इरू नावाची एक चिमुकली मुलगी राहायची. तिचे आईबाबा तिथे नदीवर पूल बांधायच्या कामावर होते. दिवसभर घण वाजायचे, दगड फुटायचे, गाड्या खडखडायच्या. इतर मुलं त्या आवाजातही खेळायची, झोपायची. इरूला मात्र तो सोसवायचा नाही. ती कोपऱ्यात जाऊन कानांवर हात ठेवायची, पुढेमागे झुलायची आणि नाकातल्या नाकात गुणगुणत राहायची, मऽऽ मऽऽ मऽऽ. बोलायची मात्र नाही. सहा वर्षांची झाली, तरी तिच्या ओठांवर शब्द आला नव्हता.

शेवटी आईने तिचं गाठोडं बांधलं आणि तिला बकुळवाडीला आपल्या वडिलांकडे आणून सोडलं.

"बाबा, पूल पुरा झाला की मी येते," आई म्हणाली. "तोवर सांभाळाल ना हिला?"

"वेडे, हे काय विचारणं झालं?" आजोबा म्हणाले. "मी तर तिची वाट पाहत बसलोय."

आजोबांचं नाव दाजीबा. ते लाकडाची खेळणी करायचे. लालचुटुक बैलगाड्या, हळदीसारखे पिवळे पोपट, निळे निळे भोवरे! घर एका खोलीचं, छप्पर गवताचं, पण दारात सदा रंग सांडलेले असायचे. पंचक्रोशीतली मुलं दाजीबांना बघून आनंदाने हसायची. माझी नातही अशीच हसेल, धावत येऊन गळ्यात पडेल, 'आजोबा' म्हणेल, असं त्यांना वाटायचं.

इरू हसली नाही. तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आजोबांनी तिला मांडीवर घेतलं की ती मासोळीसारखी निसटायची. त्यांनी तिच्यासाठी इवलीशी बैलगाडी केली, तर तिने ती उलटी केली आणि एकच चाक गरगर फिरवत बसली.

"अगं, अशी नाही, अशी चालवायची," म्हणत आजोबा गाडी सरळ करायचे. इरू ती पुन्हा उलटी करायची.

संध्याकाळी ती अंगणात एका बाजूला झुलत बसायची आणि आजोबा दुसऱ्या बाजूला. मध्ये चार पावलांचं अंतर. दाजीबांना वाटायचं, या चार पावलांपेक्षा त्या सात टेकड्या बऱ्या. त्या चालून तरी ओलांडता येतात.

बकुळवाडीची जत्रा आली. दाजीबांनी इरूला सोनेरी जरीचा झगा शिवला आणि तिला बरोबर घेऊन खेळण्यांचं दुकान मांडलं. गुलाबी बत्तासे, हिरव्या बांगड्या, चमचमत्या भिंगऱ्या! पण ढोल वाजू लागला, ताशे कडाडले, शंभर पिपाण्या एकदम वाजल्या आणि इरू कान झाकून किंचाळायला लागली. ती जमिनीवर पडली, झगा ओढू लागली.

"काय हट्टी पोर आहे!" कोणीतरी म्हणालं.

आजोबांना तिची कणव आली आणि थोडी लाजही वाटली. त्यांनी तिला उचलून छातीशी घट्ट, खूप घट्ट धरलं. "उगी, उगी, माझी सोनुली!" ते मोठमोठ्याने म्हणू लागले. इरूने जीव खाऊन हिसका दिला, त्यांच्या हातातून सुटली आणि जत्रेमागच्या रानात पळून गेली.

दाजीबा तिच्यामागे धावले. "इरूऽऽ! अगं इरूऽऽ!" त्यांच्या हाकांनी सारं रान दणाणलं. पाखरं उडाली, ससे दडले, पण इरू कुठेच दिसेना. धाप लागली तसे ते एका शिरीषाच्या झाडाखाली मटकन बसले आणि रडू लागले.

"हळू. जरा हळू रडा," एक बारीकसा आवाज आला.

वरच्या गुलाबी फुलांतून एक परी उतरली. अंगठ्याएवढी, चतुराचे झिरझिरीत पंख, अंगावर कोवळ्या उन्हाचं वस्त्र. ती हलली की हवेत रुपेरी ठिपके तरंगायचे.

"मी कानोसापरी," ती कुजबुजली. "जे कोणालाच ऐकू येत नाही, ते मी ऐकते. तुमच्या तीन इच्छा मी पुऱ्या करीन. पण नियम आहेत. स्वतःसाठी मागाल ते शंभर श्वास टिकेल. आणि दुसऱ्या कोणासाठी मागायचं असेल, तर आधी त्याला विचारायचं आणि उत्तर मिळेपर्यंत थांबायचं."

"माझी नात मला आणून दे, परीताई!"

"तिला विचारलंत?"

दाजीबांनी आठवून पाहिलं. इरूला त्यांनी आजवर काहीच विचारलं नव्हतं. दूध प्यायला लावलं होतं, झगा घातला होता, जत्रेला नेलं होतं.

"मग ती ऐकते तसं मला ऐकू दे," ते म्हणाले. "म्हणजे ती कुठे गेली असेल, ते तरी कळेल."

परीने त्यांच्या कानांवर पंख फिरवले. आणि बाई गं! दूरच्या जत्रेतला ढोल जणू त्यांच्या डोक्यात शिरून वाजू लागला. पानांची सळसळ कडाडली. मुंग्यांची पावलंसुद्धा वाजू लागली. "इरू!" ते घाबरून ओरडले आणि स्वतःच्याच आवाजाने कळवळून गुडघ्यांवर बसले.

"एवढा मोठा आहे माझा आवाज?" ते पुटपुटले. "आणि मी तिला छातीशी धरून तिच्या कानाशी ओरडत होतो!"

ते अगदी निश्चल राहिले. त्या सगळ्या गदारोळाखाली एक गार, गोड, नाजूक आवाज होता. टिप... टिप... टिप. या आवाजाशी कोणीही जाऊन बसेल, असं त्यांना वाटलं. ते पाय न वाजवता त्या दिशेने गेले. शंभरावा श्वास संपला, तेव्हा समोर शेवाळलेल्या खडकातून पाझरणारा एक लहानगा झरा होता. झऱ्याकाठी इरू बसली होती. तिने झगा उलटा घातला होता, टोचरी जर बाहेर आणि मऊ अस्तर आत. ती थेंब बघत होती आणि तिचं मऽऽ मऽऽ चाललं होतं.

दाजीबांचे हात आपोआप पसरले. धावत जावं, कवटाळावं! पण त्यांनी हात मागे घेतले.

"परीताई, ती बघते तसं मला बघू दे," ते खांद्याशी तरंगत आलेल्या परीला हळूच म्हणाले.

परीने त्यांच्या पापण्यांना पंख लावले. खडकाच्या टोकाशी एक थेंब जमत होता. तो वाढला, थरथरला आणि त्यात अख्खं रान उलटं मावलं. मोरपिशी, केशरी, जांभळ्या कडा त्याच्याभोवती गरगरल्या. थेंब निसटला. पाण्यावर रुपेरी कडं उमटलं, त्याच्या पोटात दुसरं, त्याच्या पोटात तिसरं. मग नवा थेंब, पण आधीच्यासारखा मुळीच नाही! दाजीबांनी साठ वर्षांत हजारदा झरे पाहिले होते. थेंब आज पहिल्यांदा पाहिला.

ते इरूपासून दोन हात दूर बसले. शंभर श्वास केव्हाच संपले, तरी ते पाहतच राहिले. इरू दूर सरकली नाही.

"तिसरी इच्छा?" परीने विचारलं.

"हिने मला एकदा तरी 'आजोबा' म्हणावं," ते म्हणाले. "पण विचारायला हवं ना?" मग इरूकडे न वळता, पाण्याकडे बघतच ते कुजबुजले, "इरू, तुला परीकडून शब्द मागू का? तुला हवेत का ते? का दुसरं काही हवंय?"

आणि ते थांबले. उन्हाचा कवडसा एका खडकावरून दुसऱ्यावर गेला. एक खारुताई आली, पाणी पिऊन गेली. दाजीबा थांबले होते.

तेवढ्यात जत्रेतला ढोल पुन्हा घुमला. इरू दचकली. ती सरकत सरकत आली, आजोबांकडे न बघता तिने त्यांचे दोन्ही हात धरले आणि आपल्या कानांवर ठेवले.

दाजीबांनी श्वाससुद्धा हळू घेतला. तिने धरले होते तसेच हात त्यांनी ठेवले, जराही जास्त दाबले नाहीत.

"तिला शांतता हवीय," ते म्हणाले. "परीताई, तो ढोल बंद करशील?"

"जत्रेतल्या सगळ्या मुलांना विचारलंत?"

दाजीबांना हसू आलं. "खरंच की! ती बिचारी नाचत असतील. राहू दे मग. माझे हात आहेत. आम्ही रानातून लांबच्या वाटेने घरी जाऊ. मला आणखी काही मागायचं नाही."

"आणि ते 'आजोबा'?"

"हवंय तर खरं," दाजीबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "पण ते मला हवंय. तिला नाही."

कानोसापरीचा चेहरा उजळला. "आजवर पुष्कळांनी माझ्याकडे पुष्कळ मागितलं," ती म्हणाली. "विचारून, थांबून, मग मागणं सोडून देणारे तुम्हीच. तेव्हा तिसरं माझ्या मनाने देते."

तिने पंख पसरले. ती मोगऱ्यासारखी पांढरी झाली, मग सोनेरी, मग इतकी लख्ख की दाजीबांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा परी नव्हती. तिचा उजेड मात्र झऱ्यापासून थेट बकुळवाडीपर्यंत जमिनीवर सांडला होता आणि त्यातून एक वाट उगवली होती. मऊ मऊ शेवाळाची, दोन्ही बाजूंना उंच नेचे, निळी निळी इवली फुलं. त्या वाटेवर पाऊल ठेवलं की ढोल, ताशे, पिपाण्या, काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

दाजीबा पुढे झाले. त्यांनी इरूला ओढलं नाही, हाक मारली नाही. फक्त सावकाश चालले, म्हणजे तिला मागून येता येईल. मागून इवल्या पावलांची चाहूल लागली. मग ती शेजारी आली. वाटेत एका ठिकाणी ती थांबून फुलं मोजल्यासारखी बघत बसली, तेव्हा तेही थांबले.

पुन्हा चालायला लागल्यावर त्यांच्या लोंबत्या हाताला काहीतरी ऊबदार लागलं. इरूने त्यांची करंगळी धरली होती. तिची नजर समोरच होती, आणि गुणगुणणं चालूच होतं.

आजोबांना मूठ मिटून तो चिमुकला हात आत ठेवून घ्यावासा वाटला. पण त्यांनी मूठ मिटली नाही. करंगळी तशीच सैल ठेवून ते घरापर्यंत चालत गेले, आणि इरूने ती सोडली नाही.