कोपऱ्याचा खांब

चिंतोबा महाराज वेळकोंडला येऊन राहिले त्याला या गोष्टीच्या वेळी बारा वर्षे होत आली होती. गाव डोंगराच्या पायथ्याशी, खालच्या अंगाला खाडी, आणि मधून एक ओढा वाहत खाडीला मिळालेला. ओढ्याच्या काठी महाराजांचा मठ होता. मठ म्हणजे काय, तर मातीच्या भिंती, नळ्यांचे छप्पर आणि पुढे एक पडवी. पण त्या पडवीत येईल त्याला दुपारी पोटभर भात मिळे. हा भात मठाच्या शेतात पिके. शेत महाराजांच्याच एका भक्ताने देवाला वाहिलेले होते आणि ते कसण्याची सेवा साबाजीकडे होती.

साबाजी हा अबोल, किडकिडीत माणूस. घरी बायको होती, ती वारल्यावर तो मठाच्या गोठ्याशेजारीच राहू लागला. त्याला भजन नीट येत नसे, पोथी वाचता येत नसे. सांगितलेले काम मात्र तो मनापासून करी, आणि करता करता ओठ हलत राहत. काय म्हणतोस, असे कुणी विचारले तर तो लाजून गप्प बसे.

त्या शेताला एकच पीडा होती. डोंगरातून रानडुकरे उतरत आणि एका रात्रीत लोंब्या तुडवून जात. कुंपण घातले तरी टिकत नसे. कोकणातला चार महिन्यांचा पाऊस आणि उरलेले आठ महिने वाळवी. लाकडाचा खांब जमिनीलगत कुजायचा आणि दुसऱ्या वर्षी हाताने ढकलला तरी आडवा व्हायचा. एका साली तर निम्मे पीक गेले आणि मार्गशीर्षात मठातली पंगत आठवडाभर बंद ठेवावी लागली. आलेली माणसे पाणी पिऊन परत गेली, हे पाहून साबाजीला रडू आवरेना. त्याने महाराजांकडे जाऊन सागाचे खांब आणण्याची परवानगी मागितली.

महाराज म्हणाले, "उभे झाड तोडायचे नाही. वादळाने पाडलेले जे आहे ते घे."

पडलेले काय होते? आंबा आणि काटेसावर. दोन्ही लाकडे मऊ, वाळवीची आवडती. साबाजीचा पडलेला चेहरा महाराजांनी ओळखला. मग त्यांनी त्याला जवळ बसवून घेतले आणि काय काय करायचे ते सावकाश समजावले.

साबाजीने तसेच केले. आधी त्याने प्रत्येक ओंडक्याची साल सोलून काढली, कारण सालीखालीच ओल धरते आणि किडा बसतो. मग ते ओंडके खाडीच्या खाऱ्या पाण्यात दगडांखाली पंधरा दिवस बुडवून ठेवले. बाहेर काढून सावलीत वाळवले; उन्हात टाकले असते तर तडकले असते. त्यानंतर मंद जाळावर एकेका खांबाचे बूड फिरवत फिरवत दीड हातापर्यंत भाजले, वर काळी खरपूस पापडी धरेपर्यंत. गावातल्या बायका काजू भाजून टरफले फेकून देत, ती त्याने टोपल्या टोपल्या गोळा केली. बुडाला भोक पाडलेल्या मडक्यात ती तापवली की खाली काळे, दाट तेल ठिबकते. कोकणात त्याला डिंबेल म्हणतात आणि होडीला लावतात. हे तेल गरम खांबाला चोळायचे. हाताला खोबरेल फासले तरी डिंबेल कातडी सोडत नाही; साबाजीच्या बोटांची साले निघाली. शेवटी खांबाचे डोके तिरके तासायचे, म्हणजे पाणी वर साचत नाही, आणि खड्ड्यात आधी दगडगोटे घालून मग खांब ठोकून बसवायचा. प्रत्येक खांबाला त्याचे ओठ हलत होते.

हे सगळे चालू असताना गावात सर्वांत जास्त हसला तो अनाजी मेस्त्री. अनाजी पंचक्रोशीतला नावाजलेला सुतार. देवळाचा सभामंडप त्याच्या हातचा. लाकडाला नुसती टिचकी मारून तो त्याचे वय सांगे. त्याचे शेत मठाच्या शेताला लागून, ओढ्याच्या वरच्या अंगाला होते. साबाजीची खटपट पाहून त्याने त्याच सालात स्वतःच्या शेताला सागाचे कुंपण घातले. साग तो सागच, त्याला कसली साल सोलायची आणि कसले भाजायचे, म्हणून कोवळे सोट तोडून आणले आणि तसेच चिखलात रोवले.

एके दिवशी चार माणसांच्या देखत तो बांधावर उभा राहून म्हणाला, "साबा, ही लाकडं कुठल्या चितेवरनं उचलून आणलीस? तुझ्या महाराजांना देवाचं नाव घ्यायला सांग, लाकूड आमच्यावर सोडा म्हणावं."

माणसे हसली. साबाजीने मान खाली घातली आणि पुढचा खड्डा खणायला घेतला. त्याला वाईट वाटले ते स्वतःचे नव्हे, महाराजांचे नाव त्या चेष्टेत आले याचे. संध्याकाळी कुणीतरी ही गोष्ट महाराजांच्या कानी घातली. ते म्हणाले की मेस्त्रीचा हात फार चांगला आहे.

तीन पावसाळे गेले. मठाच्या कुंपणातला एक खांब हलला नाही. डुकरे यायची, हुंगायची आणि परत जायची. पंगत पुन्हा सुरू झाली. तरीही अनाजीचे म्हणणे होते की आंब्याचे लाकूड आतून कुजते, बाहेरून दिसत नाही. एक दिवस सगळे एकदम बसेल.

चौथ्या वर्षीचा श्रावण. नागपंचमीसाठी अनाजीची मुलगी सुभद्रा माहेरी आली होती. तिला पाचवा महिना होता. लग्नानंतर सहा वर्षांनी दिवस राहिलेले, त्यामुळे घरात तिला फुलासारखे जपत होते. लहानपणापासून तिला मठाची ओढ होती. सणाच्या दुसऱ्या दिवशी मठाच्या भातशेतात सहा बायका गवत बेणत होत्या. त्यांच्यासाठी भाकरीची टोपली घेऊन सुभद्रा गेली आणि बोलत बसली. साबाजी खालच्या बांधावर काम करत होता. वेळकोंडात पाऊस थांबला होता, ऊनही पडले होते. पण वर डोंगरावर ढग फुटला होता, ते कुणाला दिसले नाही.

ओढा आला तो आवाजासकट आला. अनाजी आपल्या पडवीत बसला होता. धावत बांधावर येईपर्यंत त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या शेताचा ताल, म्हणजे ओढ्याकडचा बांध, फुटला आणि सागाचे खांब एकामागून एक उपटून पाण्याबरोबर निघाले. तो लोंढा सरळ मठाच्या शेतात शिरला. बायकांना पळायला वेळच मिळाला नाही. पाणी कमरेला लागले, पाय सुटले, आणि सातही जणी वाहत जाऊन शेताच्या खालच्या कुंपणावर आदळल्या. त्या कुंपणापलीकडे दोन पुरुष उंचीचा कडा होता आणि कड्याखाली खाडीचे खडक.

साबाजी पोहत त्यांच्यापर्यंत गेला. सुभद्रा कोपऱ्याच्या खांबाला मिठी मारून होती आणि तिथेच पाण्याचा सारा जोर येत होता. वरून वाहत आलेले सागाचे सोट कुंपणावर धडकत होते. अनाजी काठावर होता, पण मधे पाणी असे फिरत होते की दोर टाकला तरी पोचत नव्हता. आयुष्यभर लाकडावर भार तोलण्यात गेलेला तो माणूस. कोपऱ्याच्या खांबावर किती ओझे आले आहे हे त्याला काठावरून दिसत होते. आंब्याचा खांब एवढे पेलत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. तो ओरडून सांगू लागला की खांब सोडा, कडेकडेने वर सरका.

साबाजी म्हणाला, "सुभद्रे, सोडू नकोस. महाराजांनी लावलेला खांब आहे."

एरवी न बोलणाऱ्या माणसाने हे इतक्या शांतपणे सांगितले की सातही जणी जागच्या जागी घट्ट राहिल्या. मग तो मोठ्याने नाम घेऊ लागला. आजपर्यंत त्याचा तो आवाज कुणी ऐकला नव्हता. एक एक करून बायकांनीही ते नाम धरले. काठावर अनाजी मेस्त्री गुडघ्यांवर बसला. त्याने डोळे मिटले होते. खांब मोडताना पाहणे त्याच्याने होणार नव्हते. कधी नव्हे ते त्याच्या तोंडून चिंतोबा महाराजांचे नाव गेले.

किती वेळ गेला ते कुणालाच कळले नाही. पुढे लोक म्हणत, दोन घटका असतील. हळूहळू आवाज बदलला. पाणी छातीवरून कमरेला, कमरेवरून गुडघ्याला उतरले, आणि चिखलात पाय टेकले. माणसे दोर घेऊन धावली. एकेक बाई बाहेर आली तसे काठावरचे लोक मोजत होते, सातवी सुभद्रा. तिला घोंगडीत गुंडाळून बसवले, गरम पेज पाजली. सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते आणि विचारायला कुणी धजत नव्हते. तिने पोटावर हात ठेवला, जरा थांबली, आणि हसली.

"बाबा, हललं," ती म्हणाली. "आज पहिल्यांदाच हललं."

अनाजी लहान मुलासारखा रडला. सगळ्यांच्या छातीवरचा धोंडा उतरला. जो तो उगाचच एकमेकांशी बोलू लागला, कुणी हसू लागले, कुणी चिखलातच बसकण मारली.

जरा सावरल्यावर अनाजी त्या कोपऱ्याच्या खांबाकडे गेला. सुताराचा हात, तो लाकडाकडे गेल्याशिवाय कसा राहील? त्याने खांबाला नुसते बोट लावले आणि खांब सरळ त्याच्या अंगावर कलला. जमिनीखालचा भाग उरलाच नव्हता. वाळवीने सगळा खाऊन त्याचे पीठ केले होते. शेजारचे खांब मात्र काळेभोर, कणखर, ठोकले तर खणखणत होते.

त्याने साबाजीकडे पाहिले. साबाजीने हात जोडून खरे ते सांगितले. खांब लावताना शेवटी हा एक उरला तेव्हा डिंबेल संपले होते आणि त्याच्या हातांना इतके फोड आले होते की जाळासमोर बसवत नव्हते. महाराज स्वतः शेतावर आले, त्यांनी त्याचे हात आपल्या हातात घेतले, आता पुरे म्हणाले, आणि न भाजलेला, न माखलेला तो खांब आपल्या हाताने रोवून ठेवला. याचे मी बघतो, एवढेच त्यांनी सांगितले होते.

अनाजी तसाच चिखलाने भरलेल्या अंगाने मठाकडे निघाला, मागून सगळा गाव. दारात मठातला स्वयंपाक पाहणाऱ्या सत्यभामाकाकू काळजीत उभ्या होत्या. त्यांनी सांगितले की दुपारी महाराज पानावर बसले होते, पहिला घास तसाच टाकून उठले आणि पडवीच्या खांबाला दोन्ही हातांनी कवटाळून उभे राहिले. हाक मारली तरी उत्तर नाही, अंग घामाने थबथबलेले. आत्ताच कुठे त्यांनी हात सोडले होते.

महाराज पडवीत टेकून बसले होते. ऊन पडलेले असूनही धोतर आणि अंग छातीपर्यंत भिजलेले, आणि उजवा खांदा काळानिळा पडला होता. खांद्यावर लाकडाच्या सोटाचा असावा तसा वळ उमटला होता. अनाजीने तो पाहिला. सागाचा सोट किती जाड होता हे त्याच्याइतके कुणाला माहीत असणार?

तो महाराजांच्या पायांवर कोसळला आणि कितीतरी वेळ उठला नाही.

महाराजांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि आधी मुलीची चौकशी केली. ती सुखरूप आहे ऐकून त्यांचा चेहरा फुलला. मग ते म्हणाले, "मेस्त्री, लाकूड तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. फक्त कुणाला काही विचारायचं तेवढं राहून गेलं होतं. साबाजीला विचारा, तो सगळं सांगेल."

अनाजी उठला. साबाजी गर्दीच्या मागे, गोठ्याच्या भिंतीला लागून उभा होता. मेस्त्री आपल्याकडे येतो आहे हे पाहून तो आणखी मागे सरकला, पण मागे भिंत होती. सगळ्या गावासमोर अनाजी मेस्त्रीने वाकून त्याच्या पायांना हात लावला आणि हलक्या आवाजात विचारले, "साबाजी, डिंबेल लावताना खांब किती गरम असावा लागतो?"

साबाजीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. "हात टेकवेल इतका," तो म्हणाला. "जास्त नको."

सत्यभामाकाकूंनी पाने मांडली. त्या दिवशीची पंगत संध्याकाळी बसली, आणि महाराजांनी राहिलेला घास सर्वांबरोबर घेतला. जो आपले काम नाम घेत निष्ठेने करतो, त्याच्या हातून जे अपुरे राहते ते सद्गुरू आपल्या खांद्यावर घेतात, असे वेळकोंडची माणसे अजून सांगतात. त्या करुणामूर्ती चिंतोबा महाराजांच्या चरणी आपणा सर्वांचे दंडवत.