पेटीचे सूर गेले

वाद्यं वाजायची कमी आणि बोलायची जास्त, त्या काळची गोष्ट. भजनी मंडळातल्या झांजेच्या कानावर बुवांचं अर्धंच वाक्य पडलं, "पेटीचे सूर गेले..." पुढचं ऐकायला थांबेल ती झांज कसली. संध्याकाळपर्यंत बातमी गावभर.

पेटी म्हातारी झाली होती. एक पट्टी आपोआप रडायची, दुसरी दाबूनही मुकी.

"वयानं सूर झडतातच हो, दातांसारखे," तबला कळवळून म्हणाला आणि तिला भंगारात द्यायचं त्यानंच सुचवलं.

"आधी माझ्या पोटात तरी बघा," पेटी म्हणाली.

उंदीरमावशी भात्याच्या भोकातून आत जाऊन आली. "सूर, म्हणजे त्या पितळी पात्या, सगळे जन्माचेच आहेत, जागचे हललेले नाहीत. वयानं पट्ट्यांखालच्या स्प्रिंगा थकल्यात, झडपांचं चामडं चिकट झालंय. मिटायची ती झडप उघडी राहते, उघडायची ती चिकटून बसते. आजार तेवढाच. तुमच्याआमच्या पोटातही वयानं हेच होतं, तबलेराव."

तबल्याचं पोट रिकामंच.

बुवांनी पेटी दुरुस्तीला नेली.

"पाहा, गेले की नाही सूर?" झांज खणखणली.

गेले खरे, पण पेटीसकट, आणि परत यायला.