दोघी जावांची, कडी काढल्याची कहाणी

ऐका जिवते आई, तुझी कहाणी. नगर होतं आटपाट, तिथं कोष्ट्याचं एक घर. घरात दोघी जावा. थोरली साळू, धाकटी बनू. बनूचं मन मत्सरी. देवीची नथ साळूनं चोरली, असं तिनं खोटंच उठवलं. साळूला वर्षभर माहेरी घालवलं. मग बनूला अन्न गोड लागेना. तिनं खरं सांगितलं. साळूला घरी आणलं. बनू पाया पडली, "चुकले, जाऊबाई." साळूनं अबोला धरला.

पुढं साळूला दिवस गेले, अन् सासू मरणाला टेकली. तिनं साळूला वसा दिला. "श्रावणातल्या शुक्रवारी जिवती पुजावी. जिच्याशी अबोला, तिला हळदकुंकू लावावं. मनात अढी ठेवू नये." साळूनं वसा घेतला. सासू गेली.

पहिला शुक्रवार आला. साळूनं कुंकू लावलं. बनूनं भांडी घासली. साळूनं एकेक भांडं हुंगून पाहिलं. दुसरा शुक्रवार आला. साळूनं कुंकू लावलं. बनूनं पाणी भरलं. साळूनं ते ओतून दिलं, भरल्या दिवसांची बाई, पुन्हा स्वतः भरून आणलं. तिसरा शुक्रवार आला. साळूनं कुंकू लावलं. बनूनं पुरण केलं. साळू म्हणाली, "आधी तू खा." बनूनं मुकाट्यानं खाल्लं. साळूच्या मनात आलं, एवढी गोड वागते, नक्की काही डाव आहे.

मग चौथ्या शुक्रवारी नवरे बाजाराला गेले, आणि भर दुपारी साळूला कळा लागल्या. तिनं आतून कडी घातली. बनू दाराशी आली.

"जाऊबाई, दार उघडा."

"नाही उघडत. एकदा मला घालवलंस, आता माझं मूल घालवशील."

"बरं, नका उघडू. मी बाहेर बसते. खांब धरा, दम घ्या, कळ आली की जोर करा."

साळूनं तसं केलं. पण मूल अडलं. मग साळू रडली. "जिवते आई, कुंकू बोटानं लावलं, मनानं नाही लावलं." सरपटत गेली, कडी काढली.

बनूनं बाळंतपण केलं. पोर झाली, ती निळी, रडेना. बनू तिला घेऊन अंगणात उजेडाला धावली. साळू ओरडली, "नेली गं, माझी पोर नेली!" बनूनं पोरीचं तोंड पुसलं, पाठ चोळली, तळव्याला टिचकी मारली. पोर रडली. तशीच आणून तिनं साळूच्या कुशीत ठेवली.

साळू म्हणाली, "बनू, आताही माझ्या मनात आलंच गं."

बनू म्हणाली, "येणारच. मी का एका दिवसात बदलले? तुम्हांलाही वेळ लागेल."

साळू सरकली, बाजेवर जागा केली. म्हणाली, "बैस. दमलीस."

जशी जिवती आई त्या जावांना पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो, लेकराबाळांना राखो. साठां बोलांची कहाणी पाचां बोलांत सांगितली, ऐकणारीला सुफळ होवो.