राजाच्या धोतराला भोकं

भर दरबारात राजा वज्रधराच्या धोतराला भोकं पडली. एक-दोन नाही, पार चाळणी झाली! दरबाऱ्यांनी माना खाली घातल्या, कारण हसू लपवायला दुसरी जागाच नव्हती.

सगुणी परटिणीला तडक पकडून आणलं.

"महाराज, भोकं माझ्या हातानं नाही, तुमच्या खाणीमुळं पडली," ती म्हणाली. "खाणीतून उपसलेल्या दगडांचा ढीग मी कपडे धुते त्या ओढ्याकाठी टाकलाय. पाऊस पडला की त्यातून आंबट, तांबूस पाणी झिरपतं. मासे मेले, भाज्यांचे वाफे जळले. त्यात धोतर बिचारं किती टिकणार?"

"खोटं बोलते ही! त्या पाण्यानं पचन सुधारतं," प्रधान खंडेराव म्हणाले. स्वतः मात्र ते घरच्या विहिरीचंच पाणी पीत.

तांब्याची खाण म्हणजे राजाचा जीव की प्राण. तो म्हणाला, "दसऱ्यापर्यंत ओढा स्वच्छ करून दाखव. खाण थांबणार नाही, ढीग हलणार नाही, माझ्या खजिन्यातली काडीही मिळणार नाही. नाही जमलं, तर लेकराबाळांसकट राज्याबाहेर चालती हो."

लेकरांना घेऊन जायचं तरी कुठं?

गावाच्या वेशीवर राजाच्या चुनाभट्टीची राख आणि वाया गेलेला चुना वर्षानुवर्षं ओतला जात होता. वारा सुटला की अख्खं गाव खोकायचं. सगुणीनं खाणीचं पाणी घमेल्यात घेतलं, त्यात ती राख कालवली, निवळू दिलं आणि वरच्या पाण्यात दूध ओतलं. एरवी त्या पाण्यात दूध हमखास नासायचं. आज नासलं नाही.

तिनं बायकांना गोळा केलं. "अंगण सारवतो ना, तसा ढीग सारवायचा."

"डोंगर सारवायचा? डोकं फिरलं काय गं तुझं?" बायका हसल्या, पण पदर खोचून कामाला लागल्या. राख, चुना आणि चिकणमाती मळून त्यांनी ढिगावर जाड थर चोपला, पाणी वरून निसटून जाईल असा उतार दिला. ढिगाच्या पायथ्याशी चर खणून उरलेला चुना त्यात टाकला. मग पाऊस धो धो कोसळला, तरी ओढा तांबडा झाला नाही.

दसऱ्याला राजा आला. सगुणीनं त्याच्यासमोर नवं धोतर ओढ्यात धुतलं. राजानं ताणून पाहिलं, एक धागा तुटला नाही.

खंडेराव पुढं झाले. "महाराज, ही हरली. राख तुमच्या भट्टीची, म्हणजे खजिन्यातलीच."

राजा मिशीत हसला. "खरंच की. राख माझी, चुनाही माझाच."

"हे ऐकायला मिळणार, ठाऊक होतं मला," सगुणी म्हणाली आणि मागं वळून तिनं हाक दिली. राखेनं भरलेल्या बैलगाड्या पुढं आल्या. "उरलेला खजिना परत आणलाय, महाराज. कोठार उघडा, दागिन्यांवर ओततो."

"वेडी आहेस का? माझ्या खजिन्यात हा कचरा?" राजा ओरडला, आणि त्यानं जीभ चावली.

"कचराच ना? मग मी खजिन्यातलं काय घेतलं?"

राजा पोट धरून हसला. "जिंकलीस बाई. माग काय हवं ते."

"राजवाड्यात आणि प्रधानजींच्या घरी आजपासून याच ओढ्याचं पाणी भरायचं."

खंडेरावांचा चेहरा पडला. "आणि कधी थर उखडला तर?"

"तर पचन सुधारेल तुमचं," सगुणी म्हणाली.

राजा पुन्हा इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. त्यानं सगुणीला भरजरी लुगडं दिलं, आणि दर पावसाळ्याआधी तो ढीग सारवून घेण्याचं काम खंडेरावांवर सोपवलं.