हातांनी हुकूम पाळला

कुडाळच्या एका कारखान्यात स्केटबोर्डच्या वळणदार लाकडी फळ्यांवर चित्रं छापायची होती. जिच्यातून रंग खाली उतरतो ती छपाईची जाळी सपाट चौकटीत ताणलेली, त्यामुळे रंग फळीच्या मधोमधच लागे, कडा कोऱ्या राहत. तिथली छपाईकाम करणारी रत्नप्रभा मेस्त्री चार महिने झटली. तिनं जाळी चौकटीतून सोडवली, दोन टोकांना नुसत्या काठ्या ठेवल्या आणि ओल्या कापडासारखी ती फळीवर बसवली. चित्र कडेपर्यंत उमटलं.

पुढं जिल्ह्याच्या कारागिरी पुरस्कारासाठी परीक्षक पाहणीला आले. मालक कारखानीस छाती फुगवून म्हणाले, "युक्ती सगळी माझ्या डोक्यातली. या बाईंचे फक्त हात!"

रत्नप्रभाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पदर खोचून ती फळीपाशी उभी राहिली.

"साहेब, हात तयार आहेत. आता डोक्यानं हुकूम सोडावा. रंग ओढायला सुरुवात कुठून करू?"

मालक गडबडले. "अं... या टोकापासून त्या टोकापर्यंत. सरळ!"

तिनं तस्संच केलं. जाळी सरकली आणि चित्रातल्या मोराचा पिसारा पार फिसकटला.

"हे काय केलंस?" मालक ओरडले.

"हातांनी हुकूम पाळला, साहेब. चुकलं कुठं, ते डोक्याला विचारा!"

परीक्षकांना हसू आवरेना. "बाई, आता तुमच्या डोक्यानं छापा बघू."

तिनं दुसरी फळी घेतली आणि मधून एकेका टोकाकडे रंग ओढला. मोर कडेपर्यंत फुलला. पुरस्काराच्या मानपत्रावर नाव लागलं ते रत्नप्रभा मेस्त्रीचं.