टिटवीसाठी कोरलेला कान

त्या राज्यात निवाऱ्याचं दार आवाज ओळखून उघडत असे. माळावरच्या वडाच्या पोटात सगळे पक्षी मावतील एवढी ढोली होती, तिला जाड दार होतं आणि दारावर बाहेरच्या बाजूने लाकडाचा एक कान. गारपीट आली की यायचं, ‘दार उघड’ म्हणायचं आणि आत शिरायचं. ज्यांचा आवाज कानाला कळत नसे, त्यांच्यासाठी आत म्हातारा धनेश पक्षी बसे. तो फटीतून तोंड बघायचा आणि कडी काढायचा. पण अलीकडे त्याला डुलकी लागायची, आणि गेल्या गारपिटीत एक घोगरा कवडा दाराबाहेरच मेला.

मग दरबाराला पाझर फुटला. तुटकं बोलणंही समजेल असा नवा कान कोरायचं ठरलं. त्यासाठी प्रत्येक घरट्याकडून दर दहा दाण्यांमागे एक दाणा घेतला गेला. कुरकुर कोणी केली नाही. दुसऱ्याच्या दुःखासाठी एक दाणा देणं सोपं असतं, आणि दिल्यावर झोपही छान लागते.

काम सुतार पक्ष्याकडे आलं. कान हाक ऐकत ऐकतच कोरायचा असतो, एका हाकेला एक रेघ. त्याला खराखुरा तुटका आवाज हवा होता, म्हणून त्याने टिटवीला बोलावलं. माळावर वणवा पेटला तेव्हा ती अंड्यांवरून उठली नव्हती. अंडी वाचली, पण धुराने तिचा गळा जळाला. आता तिला तीन पिल्लं होती, अजून उडता न येणारी, आणि गारांपासून त्यांना वाचवायला त्या दाराशिवाय दुसरं काही नव्हतं. म्हणून ती रोज येऊन बसायची. खोकायची, ‘दार’ म्हणायची, धाप टाकायची, मग ‘उघड’ म्हणायची. दिवसभरात जेमतेम वीस वेळा व्हायचं.

दरबारातून ससाणा पाहणीला आला. “हंगाम संपायच्या आत दहा हजार हाका कोरून झाल्या पाहिजेत,” तो म्हणाला. “नाहीतर पुढचे दाणे विसरा.”

सुताराच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने राघूला गाठलं. राघूने दोन सकाळी टिटवीचं नुसतं ऐकलं, आणि तिसऱ्या दिवसापासून तिचा खोकला, तिची धाप, तिचं ते फाटलेलं ‘दार’ तो न थकता म्हणू लागला. चार दिवसांत दहा हजार हाका झाल्या. सुतार कोरत गेला. टिटवीच्या हाकांच्या रेघा त्याने शेवटी तासूनच टाकल्या; त्या राघूच्या रेघांशी जुळत नव्हत्या.

समारंभ थाटात झाला. राघू बोलला आणि दार उघडलं. टिटवीला पुढच्या रांगेत बसवून तिच्या गळ्यात माळ घातली होती. धनेशला कामावरून काढलं, कडी उपटली, फट लाखेने बुजवली. गर्दी पांगल्यावर टिटवीने दारापुढे उभं राहून हाक दिली. दार ढिम्म हललं नाही.

“राघूकडे चार दिवस शिका,” सुतार म्हणाला. “त्याचं कसं पहिल्या फटक्यात कळतं.”

आणि ती खरंच गेली. राघू मनाने वाईट नव्हता. “बाई, तुम्ही भलत्या जागी खोकता,” तो समजावायचा. “खोकून मग ‘दार’. मध्ये नाही.” टिटवी मान हलवायची आणि पुन्हा मध्येच खोकायची. खोकला काय सांगून येतो? पण तिला लाज वाटायची. स्वतःच्याच आवाजात ती नापास होत होती.

गारा भर दुपारी आल्या. बाकीचे उडत आले आणि आत शिरले. पिल्लांना चालवत आणेपर्यंत टिटवीला उशीर झाला, आणि दार मिटलं. तिने हाक दिली. जिवाच्या आकांताने दिली, त्यामुळे शिकलेलं सगळं विसरली. आतून धनेश चोच आपटत ओरडत होता, “अरे, तीच आहे ती! उघडा!” पण आतल्या बाजूने उघडण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

गारा थांबल्यावर लांबच्या रानातून एक साळुंकी आली, मंजुळ आवाजात ‘दार उघड’ म्हणाली, आणि दार उघडलं. पायरीवर टिटवी बसली होती. तिचा पंख मोडला होता आणि पंखाखालची तिन्ही पिल्लं मेली होती.

दरबार हळहळला. सुताराने खुलासा दिला की हाकेत पिल्लांचा चिवचिवाट मिसळला होता, आणि असा गोंगाट कानाला कधी ऐकवलाच नव्हता. आणखी दाणे मंजूर झाले. राघूने दारामागून सगळं ऐकलं होतं. तो दारासमोर बसला आणि जशीच्या तशी हाक काढू लागला: तो खोकला, ती धाप, आणि खाली तीन पिल्लांचं चिवचिवणं. तिसऱ्या दिवशी दार उघडू लागलं.

माळावर बसलेल्या टिटवीला पिल्लांचा आवाज आला. मोडका पंख फरफटवत ती धावत सुटली आणि पडत-उठत दाराशी पोचली. दार सताड उघडं होतं. तिने आत पाहिलं. मग राघूजवळ जाऊन त्याच्या पंखाखाली पाहिलं.

“बाई, जरा बाजूला व्हा,” सुतार म्हणाला. “दार मिटू दे.”

ती बाजूला झाली. दार मिटलं, आणि राघूने पुन्हा पिल्लांचा आवाज काढला.